त्या सकाळी तू गप्प होतीस

माय, आज आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाची उपासना होती आणि मी अर्पणांचा लिलाव सुरू व्हायच्या आत घरी निघून आले. वेदीपुढं ज्वारीची कणसं होती, सोयाबीनची पिशवी होती, दोन भोपळे होते आणि पाय बांधलेली एक कोंबडी होती. ती पाळकांच्या प्रार्थनेत मध्ये मध्ये ओरडत होती. तुला हसू आवरलं नसतं. मला आलं नाही. घरी येऊन साडीसुद्धा बदलली नाही, शाळेतल्या एका जुन्या वहीची मागची कोरी पानं काढली आणि ओट्याशी स्टूल ओढून बसले. हे आत पडून आहेत, झोपलेले नाहीत, मला ठाऊक आहे. कळंबच्या या घरात हल्ली आम्ही दोघं एकमेकांना जाग येऊ नये म्हणून पाय न वाजवता चालतो, आणि जागे तर दोघंही असतो.

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. तुझ्या हयातीत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही, कारण ते तू दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस आणि मला त्याची लाज वाटायची. मास्तरीण झाले होते ना मी. लेक पोरांना बाराखडी शिकवते आणि आई अंगठा उठवते, हे लोकांनी बोलू नये म्हणून मी सुट्टीलाच येऊन काय ते सांगायची. आज तेच सोयीचं झालंय. तुला जाऊन तीस वर्षं होत आली. तू हे वाचणार नाहीस, आणि वाचून दाखवणारंही कुणी नाही. तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

गावातली आपली चार घरं ख्रिस्ती आणि त्यांना लागून सगळी बौद्धांची. एकाच पणज्याची लेकरं. कुणी निजामाच्या काळात मिशनकडं गेलं, कुणी पुढं बौद्ध झालं, पण भिंती मात्र सामाईकच राहिल्या. आपलं जातं त्या सामाईक भिंतीला लागून होतं आणि भिंतीपलीकडं मावशीचं. ती नात्यानं आपली कुणी नव्हती, शेजारीण होती, पण मावशीच होती. तिचा धर्म बुद्धाचा आणि देव म्हणशील तर तो तिनं नाकारूनच टाकलेला. तुम्ही दोघी पहाटे एकाच वेळी दळायला बसायच्या. गावात गिरणी आली होती, पण गिरणीवर जायला हातात काही असावं लागतं. बाकीच्या बायका जात्यावर ओव्या म्हणायच्या. तू उपकार सांगायचीस.

तशी मुठीची रीत आपल्या सगळ्याच घरांत होती. दळणातली पहिली मूठ जात्यात नाही, गाडग्यात टाकायची, आणि शनिवारी ते धान्य चर्चला न्यायचं, तिथून ते ज्याच्या घरी जास्त अडचण त्याच्याकडं जायचं. मूठ टाकताना देवाचे आभार मानायचे, एवढंच बाकीच्या बायका करायच्या. 'देवा, तुझे उपकार' म्हणून मोकळ्या व्हायच्या. तुला ते चालायचं नाही. तू म्हणायचीस, नुसते उपकार म्हणजे काय, कुठला त्यो सांग. मग तू मूठ गाडग्यावर धरायचीस आणि एक उपकार पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगायचीस. जागा, माणूस, ऊन होतं का सावली, सगळं. दादा, तुझे मालक, विहिरीचा गाळ काढायला उतरले, मध्येच दोर तुटला आणि ते कपारीला धरून अर्धा दिवस लटकून राहिले, तो एक. कळंबच्या रस्त्यावर बैलगाडीत मी जन्मले आणि गाडीवानाच्या म्हातारीनं पदराची गुंडाळी करून मला घेतलं, तो दुसरा. दादांना विषमज्वर झाला तेव्हा दवाखान्यातली नर्सबाई दोन दिवस घरी गेली नाही, तो तिसरा. साप उशाशी येऊन गेला आणि कुणाला शिवला नाही, तो चौथा. असे सात-आठच होते तुझ्याकडं. फिरून फिरून तेच.

मी एकदा अंथरुणातूनच कुरकुर केली होती, "माय, रोज रोज तेच. नवीन काहीतरी सांग की." तू जात्याचा खुंटा सोडला नाहीस. "नवा सापडंना तर जुना सांगावा. भाकर शिळी हुईल, उपकार शिळा हुत न्हाय." आणि भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला, "सांगू दे की गं तिला. माझं बी दळण त्याच्यावरच हुतं."

दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापली तर तुटायची आणि खाल्ली तर घशाखाली उतरायची नाही. पण तू तिचीसुद्धा मूठ काढायचीस. दादा तुझी चेष्टा करायचे, "आमी खातो ते बास झालं, देवाला कशाला ह्यो जाच?" तू म्हणायचीस, "त्यानं बी खाऊन बघावं, मंग पाऊस धाडंल." दादा हसायचे. खडी फोडून हाताला फोड आलेले असायचे, पण हसायचे. त्या घरात तेव्हा चार माणसं होती हे आज मला खरं वाटत नाही.

दुष्काळ सरला आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी धाकटीला गोवर आला. चार वर्षांची होती. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. गोवर बाहेर पडला तेव्हा सगळे म्हणाले बरं झालं, बाहेर आला. मग छातीत कफ भरला. तू तिला मांडीवरून खाली ठेवत नव्हतीस आणि सारखी एकेक उपकार तिच्या कानात सांगत होतीस, विहिरीचा, गाडीचा, विषमज्वराचा, जसं काही देवाला आठवण करून देत होतीस की बघ, तू हे करू शकतोस, आधी केलं आहेस. मला ते तेव्हाच कळलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला सगळं कळतं. ती दुपारी गेली. दादांनी आणि पाळकांनी ओढ्याकडच्या जागेत तिला मातीत ठेवलं आणि संध्याकाळी सगळे परत आले.

आणि दुसरा दिवस. आता इथून मी हळू लिहिते.

घरात चूल पेटणार नव्हती, शेजारच्या बायका भाकरी आणणार होत्या. दळायचं काहीच कारण नव्हतं. पण तू उठलीस आणि जात्याशी जाऊन बसलीस. मी अंथरुणातून बघते आहे. दादा भिंतीकडं तोंड करून पडलेत. तू सुपात हात घातलास, मूठ भरलीस, ती गाडग्यावर धरलीस आणि तशीच बसलीस. तुझे ओठ हलत नाहीत. डोळे उघडे आहेत पण कशावरच नाहीत. बाहेर उजाडायला लागलंय, ओढ्याकडं मोर ओरडतोय, आणि तुझी मूठ गाडग्यावर तशीच आहे. उघडेना. भिंतीपलीकडं जातं सुरू झालं नव्हतं. मग दार लोटून मावशी आत आली, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. तिनं तुझ्याकडं बघितलं, गाडग्याकडं बघितलं. भाकरी खाली ठेवल्या आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"अक्का, तुला आज येत न्हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. म्या सांगते. म्या देव मानत न्हाय, तुला ठावं हाय. पर रोज ऐकून माझ्या ध्यानात हाय." आणि ती सांगायला लागली. गाडीचा सांगितला. नर्सबाईचा सांगितला. सापाचा सांगितला. तू दगडासारखी. मग तिनं विहिरीचा सुरू केला. "दादा हिरीत उतरला, मधीच दोर तुटला, न् त्यो दोराला धरून अर्धा दिस लटकला—"

"दोर तुटल्यावर दोराला कसा लटकंल," तू म्हणालीस. "कपारीला."

कालपासून तुझ्या तोंडातून निघालेले ते पहिले शब्द. मावशी म्हणाली, "व्हय, कपारीला. मंग?" आणि तू "मंग" सांगायला तोंड उघडलंस आणि जे बाहेर आलं ते शब्द नव्हते. तू मावशीच्या मांडीवर कोसळलीस. मुठीतलं धान्य गाडग्यात पडलंच नाही, सगळं जमिनीवर सांडलं, तुझ्या लुगड्यावर सांडलं, आणि मी उठून एकेक दाणा वेचत बसले कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं. मावशीनं चुकून दोर म्हटलं की मुद्दाम, हे मी तिला कधी विचारलं नाही. त्या दिवशी आपल्या घरातून देवाला मूठ गेली नाही. त्यानंतरही किती दिवस गेली नाही ते मला आठवत नाही, पण बरेच. भिंतीपलीकडून मात्र रोज पहाटे मावशी दळता दळता तुझा एक उपकार सांगायची, चुकत चुकत, आणि अलीकडून तू तिला दुरुस्त करायचीस. असं करत करत तू परत आलीस, देवाकडं आणि आमच्याकडंसुद्धा.

हे असं घडलं. आता मी काय केलं ते.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. जिल्ह्याच्या बायकांची सभा होती, मोठा मांडव, आणि मला देवाच्या उपकारांची साक्ष द्यायला उभं केलं. तू पुढं सतरंजीवर बसली होतीस. मी सांगितलं, माझी बहीण गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माझी आई जात्याशी बसली, कोरड्या डोळ्यांनी मूठ भरली, गाडग्यात टाकली आणि देवाचे सगळे उपकार एकामागोमाग एक सांगितले. मग कुणीतरी हुंदका दिला, कुणी आमेन म्हणालं, आणि पाळकबाईंनी खाली उतरून तुझे पाय धरले. मावशी मी वगळली. खरं सांगते माय, आधी ठरवून नाही. बोलता बोलता तिच्याशी आले आणि वाटलं, हिला इथं कुठं बसवू? देव न मानणाऱ्या बाईनं माझ्या आईची प्रार्थना केली, हे या बायकांना कसं समजावू? आणि तू कोसळलीस हे सांगायला जीभ वळेना. लोकांनी तुला थोर म्हणावं असं मला वाटत होतं. लोकांनी मला थोर बाईची लेक म्हणावं असंही वाटत होतं.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसली होतीस. येरमाळ्याच्या पुढं म्हणालीस, "तू सांगितलीस ती बाई लई चांगली व्हती गं. मला कधी भेटली न्हाय." मी हसण्यावारी नेलं. म्हणाले, "अगं, लोकांना तेवढं सगळं सांगून कळत नाही." तू माझ्याकडं वळलीस. तू मला जन्मात दोन-तीनदाच रागावलीस, त्यातली ही एक वेळ, आणि आवाजही चढवला नाहीस. "मावशीला का काढलंस? तिनं धरून ठिवलं म्हून माझ्याकडं हायेत ते उपकार. तिला काढलीस तर काय उरलं? तुझ्या गोष्टीतल्या बाईला देवाची तरी काय गरज हाय?" मला वाटलं, अडाणी बाई, तिला सभेतलं काय कळतंय. माय, हे मला खरंच वाटलं होतं.

तू गेल्यावर तर मला अडवणारं कुणी राहिलं नाही. मंडळ्या बदलल्या, बदल्या झाल्या, तामलवाडी, परंडा, पुन्हा कळंब, आणि जिथं गेले तिथं ती साक्ष माझ्याआधी पोचलेली असायची. "बाई, तुमच्या आईंची ती साक्ष सांगा ना." मी सांगायची. सांगून सांगून ती नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली. कुठंच टोचायची नाही. माझी लेक तू पाहिली नाहीस, ती तू गेल्यावर झाली. तिला आज्जी म्हणजे तीच बाई, कोरड्या डोळ्यांची. ती लहान असताना एकदा पडली, गुडघा फुटला, आणि ओठ घट्ट मिटून माझ्यापुढं उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "आज्जीसारखी." मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा.

लेक नर्स झाली. लातूरला होती. तिथंच तिचं तिला कळलं, रक्ताचा रिपोर्ट तिनं स्वतःच आधी वाचला. मला फोनवर अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं ड्युटी बदलली म्हणून सांगावं. पुढचे सात महिने मी ते पुन्हा एकदा जगणार नाही, कागदावरसुद्धा नाही. शेवटी एक दिवस तिला सोलापूरला हलवायचं ठरलं. तो नेमका कोजागरीचा आदला दिवस. तुला ठाऊक आहे, तेव्हा सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी सगळा रस्ता भरलेला असतो. आम्ही तिकडून इकडं नाही, इकडून तिकडं निघालो होतो, सगळ्या गर्दीच्या उलटे. तामलवाडीच्या टोलनाक्याच्या अलीकडं गाडी अडकली. बाहेर माणसंच माणसं, अनवाणी, कपाळाला कुंकू, आईचा जयघोष. दुपारचं ऊन. गाडीच्या आत लेकीचा श्वास मला मोजता येत होता. हे पुढं ड्रायव्हरजवळ होते, खाली उतरून हात जोडत होते.

मग चालणाऱ्यांतल्याच एका बाईनं काचेतून आत डोकावलं. माझ्याच वयाची, मळवट भरलेला, पायाला चिंध्या बांधलेल्या. तिनं लेकीकडं बघितलं आणि वळून असा आवाज दिला की मी दचकले, "ए बाबांनो, सरका, लेकरू आजारी हाय. सरका म्हणते ना." तिनं आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी हाताला हात धरून माणसं बाजूला केली. गाडी गोगलगायीच्या चालीनं निघाली आणि ती बाई काचेवर हात ठेवून नाक्यापर्यंत बरोबर चालत आली, म्हणजे नुकतीच चालून आलेली वाट पुन्हा मागं. लेक तिच्याकडंच बघत होती. मग मला म्हणाली, "आई, हा उपकार धर. तामलवाडीचा. दुपारची वेळ, ऊन होतं." मी मान हलवली. तिचा हात माझ्या हातात होता. आणि मग तिनं ते विचारलं.

"आई, मला आज्जीसारखं जमत नाहीये. मला भीती वाटते. रात्रंदिवस वाटते. मी आभार मानायला जाते आणि मला रडू येतं. देव रागावला असेल का माझ्यावर?"

मी काय उत्तर दिलं ते आत्ता लिहवत नाही. पुढं लिहीन.

तिसऱ्या दिवशी ती गेली. सोलापूरहून आम्ही तिला घरी आणलं आणि माती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघर मंडळीतल्या बायकांनी भरलेलं होतं. कुणी चहा करत होतं, कुणी भाकरी आणल्या होत्या, आणि सगळ्या अधूनमधून माझ्याकडं बघत होत्या. मला कळलं त्या कशाची वाट बघताहेत. तीस-पस्तीस वर्षं मीच त्यांना सांगत आले होते ना, खरी विश्वासी बाई दुसऱ्या दिवशी काय करते. तेव्हा मी उठले. ज्वारीचा डबा उघडला, मूठ भरली, डोळे कोरडे ठेवले, मूठ दुसऱ्या रिकाम्या डब्यात टाकली आणि मोठ्यानं देवाचे उपकार मानले. कुणीतरी म्हणालं, "आईच्या वळणावर गेल्यात बाई." माय, मी तुझं सोंग आणलं. तुझंही नाही, मी घडवलेल्या त्या बाईचं. तू त्या सकाळी माणूस होतीस म्हणून मावशीला आत येता आलं. माझ्या स्वयंपाकघरात एवढ्या बायका होत्या आणि मी एकीलाही आत येऊ दिलं नाही.

त्यानंतर वर्षभर मला प्रार्थना आलेली नाही. येत नाही म्हणजे शब्द येतात, शब्दांना काय, जन्मभराची सवय आहे. पण पलीकडं कुणी ऐकतंय असं वाटत नाही. उपासनेला जाते, उभी राहते, बसते. हे म्हणतात, वेळ लागतो. एकदा मी ठरवून बसले की देवानं माझ्यासाठी केलेली एक तरी गोष्ट आठवायची, एकच, तुझ्यासारखी, जागा आणि ऊन-सावलीसकट. बसून राहिले. साठ वर्षांच्या आयुष्यात एक सापडेना. मी माझे उपकार कधी कुणाला सांगितलेच नव्हते, माय. जिथं तिथं तुझी एकच साक्ष, तीही खोटी. आपल्या शिदोरीत काही बांधलंच नाही आणि दुसऱ्याचं गाठोडं मिरवत फिरले. माझ्या भिंतीपलीकडं कुणाच्या काय ध्यानात राहणार?

गेल्या महिन्यात पाळक घरी आले. तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "बाई, यंदाचं वर्ष सगळ्यांनाच कठीण गेलं. अतिवृष्टीनं रानं खरवडून गेली. हंगामाच्या उपासनेला लोक आणणार तरी काय? तुम्ही आईंची साक्ष सांगा. लोकांना धीर येईल." मी नाही म्हणायला हवं होतं. हो म्हणाले.

आज उभी राहिले. समोर कोंबडी, भोपळे, आणि ज्यांचं पीक वाहून गेलं तेही ओळखीचे चेहरे, रिकाम्या हातांनी आलेले. पाठ असलेलं पहिलं वाक्य तोंडात आलं. आणि तिथंच मी थांबले, आणि मग मी मावशीपासून सुरुवात केली. भिंत सांगितली. दळणाची दोन जाती सांगितली. तुझी मूठ उघडली नाही हे सांगितलं. दोर आणि कपार सांगितलं. जमिनीवर सांडलेले दाणे सांगितले. मग म्हणाले, इतकी वर्षं मी तुम्हाला वेगळं सांगत आले, ते खोटं होतं, आणि गेल्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही जे बघितलंत तेही खोटं होतं. आमेन कुणी म्हणालं नाही. पाळक वेदीकडं बघत राहिले. शेवटच्या रांगेतला एक माणूस, त्याचं सगळं सोयाबीन गेलंय, तो तोंडावर रुमाल धरून रडत होता, एवढं मला दिसलं. मी खाली बसले, पण बसवेना, म्हणून निघून आले.

घरी येताना रस्त्यात मला तामलवाडीचा उपकार आठवला. आठवला म्हणजे, मी तो विसरले नव्हतेच, पण तो उपकार आहे हे विसरले होते. मळवट भरलेली एक बाई, पायाला चिंध्या, अनवाणी चाललेली वाट आमच्यासाठी उलटी चालली. दुपारची वेळ, ऊन होतं. हा मला लेकीनं धरून दिला होता. मगाशी मी तो मोठ्यानं म्हणून बघितला, ह्या ओट्याशी. आतून ह्यांचा आवाज आला, "उलटी चालली, आणि जाताना तिनं काचेवरनं लेकीच्या कपाळाला बोटं टेकवली. ते राहिलं." मला ते दिसलं नव्हतं. ह्यांना दिसलं होतं. मी म्हणाले, "बरं," आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितला. देव ऐकत होता की नाही मला माहीत नाही. हे ऐकत होते. आजच्यापुरतं मी तेवढ्यावर थांबते.

आता राहिलं ते. हे मी चर्चमध्ये सांगितलं नाही, ह्यांना सांगितलेलं नाही, आणि हा कागद तर कुठंच जायचा नाही म्हणून लिहिते आहे. लेकीनं विचारलं तेव्हा सगळं खरं माझ्या तोंडाशी आलं होतं. तुझ्या आज्जीलाही जमलं नव्हतं गं बाळा, तीही गप्प होती, तीही कोसळली, आणि देव रागावला नाही, त्यानं शेजारीण पाठवली. एवढंच म्हणायचं होतं. गाडी टोलनाक्यावर उभी होती, वेळ होता. पण ज्या पोरीला मी जन्मभर ती गोष्ट सांगितली तिच्यापुढं मी खोटी ठरेन, अशी मला त्या घडीलाही लाज वाटली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आज्जीला जमलं होतं. तुलाही जमेल."

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. त्यानंतर ती माझ्यापुढं रडली नाही.